लाईट गेली तरी नोंद राहावी: राउटरचा लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर कसा जमवावा

लातूरमधील एका अभ्यासिकेत उन्हाळ्याच्या दिवसांत रोज सायंकाळी पावणेसातच्या सुमारास इंटरनेट बंद पडत असे. ते बंद पडले की चालक उठून राउटरची पिन काढत, दहापर्यंत आकडे मोजत, पुन्हा लावत आणि दोन मिनिटांत सगळे सुरळीत होत असे. मला बोलावण्यात आले तेव्हा मी राउटरच्या लॉगची, म्हणजे त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदींची, खिडकी उघडली. तिथे राउटर नुकताच सुरू झाल्याच्या पाच-सहा ओळींखेरीज काहीच नव्हते. बिघाडाच्या क्षणी राउटरने जे काही लिहून ठेवले होते, ते पिन काढताच पुसले गेले होते.

बहुतेक लहान राउटर आपला लॉग तात्पुरत्या मेमरीत म्हणजे रॅममध्ये ठेवतात. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये मूळ मांडणीनुसार अशा एक हजार ओळी राहतात, त्यानंतर जुन्या ओळी गळत जातात आणि राउटर बंद होताच सर्वच जातात. शिवाय यांपैकी बहुतेक राउटरांत घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते, त्यामुळे वीज गेली की राउटर वेळही विसरतो. मराठवाड्यात भारनियमन, वळवाचा वारा आणि डीपीवरील उडालेला फ्यूज या तिन्ही गोष्टी आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. म्हणून इथे लॉग सर्व्हर उभारताना नुसता लॉग दुसरीकडे पाठवून भागत नाही. सर्व्हर, त्याची वीज आणि त्याचे घड्याळ या तिन्हींची रचना ‘लाईट जाणारच’ हे गृहीत धरून करावी लागते. पुढील सर्व पायऱ्या त्या हिशेबाने दिल्या आहेत.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा, फाइलींची नावे आणि सेटिंगचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत टाइप करावेत आणि वेगळे सांगितले नसेल तेथे सर्व अक्षरे लहान ठेवावीत.

सिस्लॉग म्हणजे काय, एवढे तरी समजून घ्यावे

राउटर, स्विच, फायरवॉल ही उपकरणे आपल्या नोंदी ज्या पद्धतीने दुसऱ्या यंत्राकडे पाठवतात, तिला सिस्लॉग म्हणतात. ही पद्धत १९८० च्या दशकात बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल प्रणालीसाठी लिहिली आणि सोयीची असल्याने ती सर्वत्र पसरली. तिचे लेखी वर्णन मात्र बरेच उशिरा, २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात झाले. नवे आणि काटेकोर मानक आरएफसी ५४२४ हे २००९ चे आहे. आपल्याकडील अनेक राउटर आजही जुन्याच पद्धतीने बोलतात. तिच्यात एक मोठी उणीव आहे: नोंदीच्या वेळेत वर्ष नसते आणि ती वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, हेही नसते. ही उणीव पुढे आपल्याला सर्व्हरवर भरून काढायची आहे.

प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला टोकदार कंसात एक आकडा येतो. त्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात: नोंद कोणत्या गटातली आहे आणि ती किती गंभीर आहे. गटाच्या क्रमांकाला आठने गुणून त्यात गंभीरतेचा क्रमांक मिळवला की हा आकडा तयार होतो. गंभीरता शून्यापासून सातपर्यंत असते. शून्य म्हणजे आणीबाणी, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, पाच म्हणजे दखल घेण्याजोगी बाब, सहा म्हणजे साधी माहिती आणि सात म्हणजे तपासणीसाठीचा पसारा. ‘लोकल-शून्य’ या गटाचा क्रमांक १६ आहे, म्हणून त्या गटातील साध्या माहितीची नोंद १६ गुणिले ८ अधिक ६, म्हणजे १३४ या आकड्याने येते. सिस्को उपकरणे मूळ मांडणीत ‘लोकल-सात’ म्हणजे २३ क्रमांकाचा गट वापरतात, त्यामुळे त्यांच्याकडून १८९ हा आकडा वारंवार दिसतो. हे गणित एकदा हाताने करून पाहिले की पुढे गाळण्या लावताना अडखळायला होत नाही.

नोंदी सहसा यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. यूडीपी म्हणजे पोच नसलेले पत्र: राउटर ते टाकून मोकळा होतो, सर्व्हर त्या क्षणी बंद असेल तर ते हरवते आणि राउटर ते पुन्हा पाठवत नाही. त्यात कुलूपबंदीही नसते, म्हणजे मजकूर उघडाच जातो, म्हणून ते कार्यालयाच्या आतील नेटवर्कमध्येच फिरू द्यावे.

कोणते यंत्र घ्यावे

यासाठी नवा सर्व्हर विकत घेणे म्हणजे मोंढ्यातून एक किलो तूर आणायला ट्रक नेण्यासारखे आहे. माझी पहिली पसंती जुन्या लॅपटॉपला असते. स्क्रीनवर रेघा पडलेला, कीबोर्डची दोन बटणे गेलेला, पण बॅटरी तासभर टिकणारा लॅपटॉप या कामाला उत्तम, कारण त्याचा यूपीएस त्याच्या पोटातच असतो आणि घड्याळाची वेळ तो वीज नसतानाही राखतो. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र असा लॅपटॉप चोवीस तास जोडून ठेवू नये. मे महिन्यात बंद खोलीत तो धोका पत्करण्यासारखा नसतो. लॅपटॉपचे झाकण लावल्यावर तो झोपी जाऊ नये म्हणून ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘सिस्टिमडी’ या उपफोल्डरात ‘लॉगिनडी डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडून ‘हँडल-लिड-स्विच’ या ओळीचे मूल्य ‘इग्नोर’ करावे आणि ओळीपुढचे हॅशचे चिन्ह काढावे. या ओळीच्या नावातील तिन्ही शब्द एकत्र आणि मोठ्या आद्याक्षरांनी लिहिले जातात.

जुना डेस्कटॉप वापरणार असाल तर त्याच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करावा. हे राहून गेले तर रात्री लाईट जाऊन आल्यावर यंत्र सकाळपर्यंत बंदच राहते. रास्पबेरी पायही चालतो, परंतु मेमरी कार्डावर सतत लिहिणे आणि मध्येच वीज जाणे या दोन्हींमुळे कार्ड खराब होते. पाय वापरायचाच असेल तर लॉग यूएसबीने जोडलेल्या एसएसडीवर ठेवावा.

डिस्क किती लागेल, याचा अंदाज सोपा आहे. सिस्लॉगची एक ओळ साधारण २०० बाइटची धरू. दर सेकंदाला एक ओळ आली तर दिवसाला ८६,४०० ओळी, म्हणजे सुमारे १७ एमबी होतात; १८० दिवसांत हा आकडा ३.१ जीबीच्या घरात जातो आणि मजकूर दाबून ठेवल्यावर बराच खाली येतो. मात्र फायरवॉलमधून जाणारी प्रत्येक जोडणी नोंदवायची ठरवली आणि सेकंदाला पन्नास ओळी आल्या, तर तेच १५५ जीबी होतात. काय नोंदवायचे हे ठरवल्याशिवाय डिस्क घेऊ नये.

पत्ता, यंत्रणा आणि वीज

सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा असावा. उदाहरणादाखल आपण राउटरचा पत्ता १९२.१६८.८८.१ आणि सर्व्हरचा १९२.१६८.८८.५ धरू. मायक्रोटिकच्या मूळ मांडणीत दहापासून २५४ पर्यंतचे पत्ते येणाऱ्या-जाणाऱ्या उपकरणांना वाटले जातात. म्हणून सर्व्हरला दहाच्या खालचा पत्ता दिला की एखाद्याच्या मोबाइलशी त्याची टक्कर होत नाही. यंत्रणा म्हणून डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर, ग्राफिक डेस्कटॉपशिवाय, बसवावी. डेबियन १२ पासून आर-सिस्लॉग हा सिस्लॉगच्या नोंदी स्वीकारून फाइलींत लिहिणारा प्रोग्रॅम आपोआप बसत नाही, म्हणून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल आरसिस्लॉग क्रोनी’ ही आज्ञा देऊन तो आणि घड्याळाचा प्रोग्रॅम क्रोनी, असे दोन्ही एकदमच बसवून घ्यावेत.

विजेबाबत नियम एकच. राउटर, सर्व्हर आणि त्या दोघांच्या मध्ये असलेला स्विच हे तिन्ही एकाच यूपीएसवर असावेत. सर्व्हर लॅपटॉप असला तरीही मधला स्विच बंद पडला की नोंदी वाटेतच हरवतात, आणि मी पाहिलेल्या दहापैकी सात ठिकाणी यूपीएसवर नसलेली वस्तू म्हणजे नेमका हा स्विच असतो.

आधी घड्याळ

ही पायरी लोक शेवटी करतात किंवा करतच नाहीत. माझ्या मते ती लॉगच्याही आधी करावी. वीज येते तेव्हा राउटर सुरू होतो, पण बाहेरचे इंटरनेट यायला कधी पाच मिनिटे लागतात, कधी तास लागतो. तोवर राउटरला खरी वेळ विचारायला कोणीच नसते आणि त्याच्या नोंदींवर भलतीच तारीख पडते, काही राउटरांवर तर थेट १९७० सालची. यावर उपाय म्हणजे आपल्या सर्व्हरलाच कार्यालयाचे घड्याळ करणे. तो लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असेल तर त्याच्या मदरबोर्डावर स्वतःची बॅटरी असल्याने इंटरनेट नसतानाही तो राउटरला बऱ्यापैकी बरोबर वेळ सांगू शकतो.

त्यासाठी क्रोनीच्या मांडणीच्या फाइलीत तीन बदल करावेत. पहिला, ‘सर्व्हर’ या शब्दापुढे एनआयसीचे, म्हणजे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राचे, ‘समय-१ डॉट एनआयसी डॉट इन’ आणि ‘समय-२ डॉट एनआयसी डॉट इन’ हे दोन पत्ते, दोन ओळींत, प्रत्येकाच्या शेवटी ‘आयबर्स्ट’ हा शब्द जोडून लिहावेत. पत्त्यात ‘समय’ आणि आकडा यांच्यामध्ये रेघ नसते. दुसरा, ‘अलाउ’ लिहून पुढे आपल्या नेटवर्कचा पट्टा, म्हणजे १९२.१६८.८८.०/२४, द्यावा. तिसरा, ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ घालावी. तिच्यामुळे बाहेरचा संपर्क तुटला तरी सर्व्हर आतल्या उपकरणांना वेळ देत राहतो. क्रोनी पुन्हा सुरू करून ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही आज्ञा दिली की ज्या पत्त्यापुढे तारा आणि टोपीचे चिन्ह एकत्र दिसते, त्याच्याशी घड्याळ जुळले असे समजावे. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ ठेवावा; त्यातील दोन्ही शब्दांची आद्याक्षरे मोठी लिहावीत.

सर्व्हरवर आर-सिस्लॉगची मांडणी

‘ईटीसी’ फोल्डरातील ‘आरसिस्लॉग डॉट डी’ या उपफोल्डरात ‘१०-राउटर्स डॉट कॉन्फ’ नावाची नवी फाइल करावी. मुख्य फाइलीत यूडीपीच्या ज्या ओळी हॅश लावून बंद ठेवलेल्या असतात, त्या तशाच बंद राहू द्याव्यात. तिथेही उघडल्या आणि इथेही लिहिल्या तर एकाच पोर्टसाठी दोनदा मांडणी होते आणि प्रोग्रॅम कुरकुर करतो.

नव्या फाइलीत चार गोष्टी या क्रमाने लिहायच्या आहेत. पहिली ओळ मॉड्यूलची: मॉड्यूल(लोड="आयएमयूडीपी"). दुसरी गोष्ट म्हणजे फाइलीच्या नावाचा साचा. साच्याचा प्रकार ‘स्ट्रिंग’ ठेवून त्यात ‘वार’ आणि ‘लॉग’ फोल्डरांच्या आत ‘राउटर्स’, त्याच्या आत टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये ‘फ्रॉमहोस्ट-आयपी’, आणि शेवटी वर्ष, महिना व दिवस यांनी बनलेले फाइलीचे नाव असा मार्ग लिहावा. वर्ष-महिना-दिवसासाठी डॉलरचे चिन्ह लावलेले ‘इयर’, ‘मंथ’ आणि ‘डे’ हे शब्द टक्केवारीच्या चिन्हांमध्ये घालावेत, कारण डॉलरवाले शब्द सर्व्हरच्या घड्याळावरून तारीख घेतात. राउटरची तारीख बिघडलेली असली तरी नोंद त्यामुळे आजच्याच फाइलीत पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे ओळीचा साचा. आरएफसी ३१६४ ची उणीव इथे भरून निघते. ओळीच्या आरंभी ‘टाइमजनरेटेड’, म्हणजे नोंद सर्व्हरला मिळाली ती वेळ, लिहावी. त्यानंतर ‘टाइमरिपोर्टेड’, म्हणजे राउटरने सांगितलेली वेळ, लिहावी. दोन्हींपुढे तीन अपूर्णविराम देऊन ‘डेट-आरएफसी३३३९’ जोडावे, म्हणजे वर्ष आणि साडेपाच तासांचा फरक असे दोन्ही ओळीत दिसतात. नंतर ‘फ्रॉमहोस्ट-आयपी’, ‘सिस्लॉगसेव्हरिटी-टेक्स्ट’, ‘सिस्लॉगटॅग’ आणि ‘एमएसजी’ हे घटक यावेत. सर्वांत शेवटी उलटी तिरकी रेघ आणि एन ही जोडी विसरू नये. मी एकदा विसरलो होतो आणि तीन दिवसांच्या साऱ्या नोंदी एका अखंड ओळीत, ऊस पिळून निघालेल्या चिपाडासारख्या, अडकून बसल्या होत्या. दोन्ही वेळा शेजारी-शेजारी असल्या की राउटरचे घड्याळ कधी भरकटले, हे वेगळे शोधावे लागत नाही. दोन आकड्यांतील अंतरच ते सांगते.

चौथी गोष्ट म्हणजे ‘रूलसेट’. ‘राउटर्स’ या नावाचा एक रूलसेट करून त्याच्या महिरपी कंसात एकच कृती लिहावी: प्रकार ‘ओएमफाइल’, ‘डायनाफाइल’ म्हणून पहिल्या साच्याचे नाव, ‘टेम्प्लेट’ म्हणून दुसऱ्या साच्याचे नाव, फाइलीची परवानगी ०६४० आणि फोल्डरची ०७५०. त्याखाली शेवटची ओळ: इनपुट(टाइप="आयएमयूडीपी" पोर्ट="५१४" रूलसेट="राउटर्स"), अर्थात आकडे इंग्रजीत. इनपुटला रूलसेट जोडल्यामुळे राउटरच्या नोंदी सर्व्हरच्या स्वतःच्या सिस्लॉग फाइलीत मिसळत नाहीत.

उबुंटूवर आर-सिस्लॉग ‘सिस्लॉग’ नावाच्या मर्यादित अधिकारांच्या खात्यावर चालतो. त्यामुळे ‘राउटर्स’ हे फोल्डर आधीच हाताने करून ‘चोन’ (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) आज्ञेने त्याची मालकी सिस्लॉग खात्याकडे आणि ‘एडीएम’ गटाकडे द्यावी. हे फोल्डर ‘वार-लॉग’च्या बाहेर, विशेषतः वेगळ्या डिस्कवर करण्याचा मोह होतो, पण उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत ॲपआर्मर हा सुरक्षा पहारेकरी बाहेरचे लेखन अडवतो आणि कारण लवकर लक्षात येत नाही. वेगळी डिस्क हवीच असेल तर ती ‘वार-लॉग’च्या आत माउंट करावी.

आता ‘सुडो आरसिस्लॉगडी’ पुढे वजाचे चिन्ह, मोठा एन आणि १ असे टाइप करून मांडणी तपासावी. चूक असेल तर ती ओळ क्रमांकासह दिसते. चूक नसेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट आरसिस्लॉग’ देऊन प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा. फायरवॉल म्हणून यूएफडब्ल्यू चालू असेल तर आपल्या पट्ट्यातून येणाऱ्या यूडीपी ५१४ ला आणि घड्याळासाठी यूडीपी १२३ ला वाट द्यावी. इंटरनेटच्या बाजूने ५१४ कधीही उघडू नये, कारण यूडीपीत पाठवणारा कोण हे पडताळता येत नाही आणि कोणीही खोट्या नोंदी ओतून डिस्क भरू शकतो.

राउटरवर

मायक्रोटिकमध्ये विनबॉक्स हा त्याच्या मांडणीचा प्रोग्रॅम उघडून ‘सिस्टिम’ मधील ‘लॉगिंग’ येथे जावे. ‘ॲक्शन्स’ या पानावर ‘रिमोट’ नावाची कृती आधीच असते. तिच्यात सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ५१४ भरावे, बीएसडी-सिस्लॉगचे स्वरूप निवडावे (नव्या आवृत्त्यांत हा पर्याय लॉगच्या स्वरूपाच्या यादीत असतो) आणि गट ‘लोकल-शून्य’ ठेवावा. राउटरला अनेक पत्ते असतील तर ‘सोर्स ॲड्रेस’मध्ये आतील बाजूचा पत्ता लिहून ठेवावा, नाहीतर वाट बदलली की नोंदी भलत्याच फोल्डरात पडू लागतात.

त्यानंतर ‘रूल्स’ पानावर चार वेगळे नियम करावेत: इन्फो, वॉर्निंग, एरर आणि क्रिटिकल, प्रत्येकाची कृती ‘रिमोट’. बरेच जण हे चारही विषय एकाच नियमात टाकतात आणि मग काहीच येत नाही म्हणून सर्व्हरला दोष देतात. मायक्रोटिकमध्ये एका नियमातील विषय ‘आणि’ या अर्थाने जोडले जातात. एकाच वेळी साधी माहितीही आणि चूकही असलेली नोंद जवळपास नसतेच. दोन नियमांत बसणारी ओळ दोनदा येऊ शकते, ते चालवून घ्यावे. विषयापुढे उद्गारचिन्ह लावले की तो वगळला जातो, म्हणून फायरवॉलचा पसारा नको असेल तर इन्फोच्या नियमात उद्गारचिन्हासह फायरवॉल हा विषय जोडावा. मेमरीत लिहिण्याचे मूळ नियम काढू नयेत. शेवटी एनटीपी क्लायंटमध्ये, म्हणजे राउटर ज्यातून वेळ विचारतो त्या सेटिंगमध्ये, आपल्याच सर्व्हरचा पत्ता द्यावा.

सिस्कोमध्ये काम चार ओळींचे आहे: ‘लॉगिंग होस्ट’ पुढे सर्व्हरचा पत्ता, ‘लॉगिंग ट्रॅप इन्फर्मेशनल’, ‘लॉगिंग सोर्स-इंटरफेस’ पुढे आतील इंटरफेस, आणि ‘सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम शो-टाइमझोन’. ओपनडब्ल्यूआरटीवर ‘सिस्टिम’ या मांडणी फाइलीत ‘लॉग_आयपी’, ‘लॉग_पोर्ट’ आणि ‘लॉग_प्रोटो’ भरले की पुरते. इंटरनेट कंपनीने फायबरसोबत दिलेल्या डब्यात हा पर्याय बहुधा नसतो किंवा कुलूपबंद असतो. अशा वेळी त्या डब्यामागे आपला एक राउटर बसवावा.

येते का, ते पाहणे

टीसीपीडम्प हा प्रोग्रॅम यंत्राकडे येणारी पाकिटे दाखवतो. सर्व्हरवर ‘सुडो टीसीपीडम्प’ पुढे वजा-एन, वजा-आय ‘एनी’, आणि ‘यूडीपी पोर्ट ५१४’ अशी आज्ञा देऊन राउटरवरून एकदा लॉगआउट-लॉगिन करावे. स्क्रीनवर ओळ उमटली म्हणजे नोंद यंत्राच्या दारापर्यंत आली. ओळ उमटली नाही तर दोष राउटरच्या नियमात, पत्त्यात किंवा तारेत आहे. ओळ उमटली, पण फाइल तयार झाली नाही, तर दोष सर्व्हरच्या आत आहे. इथे एक गफलत होते: टीसीपीडम्प पाकीट फायरवॉलच्या आधी पाहतो, त्यामुळे त्याला दिसले म्हणजे फायरवॉलने आत सोडले, असा अर्थ होत नाही. आधी यूएफडब्ल्यू तपासावा, मग ‘एसएस’ आज्ञेने ५१४ वर आर-सिस्लॉग ऐकतो आहे का पाहावे, आणि त्यानंतर फोल्डरची मालकी पाहावी. माझ्या अनुभवात गाडी बहुतेक वेळा तिसऱ्या ठिकाणी अडलेली असते.

लातूरच्या अभ्यासिकेत हे सर्व लावून झाल्यावर मी चालकांना एकच विनंती केली: दोन दिवस नेट गेले तरी राउटरला हात लावू नका. दुसऱ्या दिवशीच्या फाइलीत १८ वाजून ४१ मिनिटांनी पहिल्या पोर्टची लिंक तुटल्याची ओळ होती आणि नऊ सेकंदांनी ती जुळल्याची. त्यानंतर पीपीपीओईचे, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करण्याचे, दोन प्रयत्न फसले आणि दीड मिनिटाने जोडणी आपोआप पूर्ववत झाली. म्हणजे राउटर शाबूत होता, पिन काढण्याने काहीच दुरुस्त होत नव्हते. थांबले असते तरी नेट आलेच असते. तिसऱ्या दिवशीही तशाच ओळी, फक्त १८ वाजून ३८ मिनिटांनी. त्या वेळी खोलीत काय घडते हे पाहायला मी स्वतः जाऊन बसलो. सायंकाळची मुले आली, कोणीतरी मागचा मोठा कूलर लावला आणि त्याच बोर्डावर असलेल्या फायबर कन्व्हर्टरचा, म्हणजे फायबरची तार राउटरला जोडणाऱ्या डबीचा, दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला. राउटर यूपीएसवर होता, कन्व्हर्टर नव्हता. कन्व्हर्टरचा ॲडॉप्टर यूपीएसवर नेला, खर्च शून्य.

किती ठेवावे, काय ठेवू नये

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-ब खाली दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागील १८० दिवसांपर्यंत भारतातच जपून ठेवावे लागतात, निर्देशात नमूद केलेल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. वर समय-१ चा पत्ता दिला, तो याच कारणाने. पतसंस्था, महाविद्यालय किंवा स्थानिक इंटरनेट पुरवठादाराने हे निर्देश मुळातून वाचून आपल्याला काय लागू होते, ते सल्लागाराकडून ठरवून घ्यावे. आडत दुकानाला तीन महिन्यांचा लॉगही पुष्कळ होतो.

फाइलीच्या नावात तारीख असल्याने लॉगरोटेट या फाइली पालटणाऱ्या प्रोग्रॅमची गरज पडत नाही. रोज पहाटे क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून, दोन ‘फाइंड’ आज्ञा चालवाव्यात: पहिलीने एक दिवसापेक्षा जुन्या फाइली जीझिपने दाबाव्यात, दुसरीने १८५ दिवसांपेक्षा जुन्या दाबलेल्या फाइली काढून टाकाव्यात. जीझिप मूळ फाइलीची तारीख कायम ठेवते, त्यामुळे दुसऱ्या आज्ञेचा हिशेब चुकत नाही. दाबलेल्या फाइलीत शोधायला ‘झेडग्रेप’ वापरावे; फाइल उलगडत बसण्याची गरज नसते.

डीएचसीपीच्या, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटल्याच्या, नोंदी जरूर ठेवाव्यात, कारण एखाद्या दिवशी कोणता पत्ता कोणत्या उपकरणाकडे होता, हे पुढे तिथूनच कळते. लॉगिन फसल्याच्या नोंदी तर आठवड्यातून एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. बाहेरच्या पत्त्यांवरून ‘ॲडमिन’ आणि ‘रूट’ या नावांनी सतत प्रयत्न होताना दिसले, तर राउटरचे व्यवस्थापन इंटरनेटच्या बाजूने उघडे आहे, असे समजून ते त्याच दिवशी बंद करावे. याउलट अभ्यासिकेतील मुली-मुले कोणती संकेतस्थळे पाहतात, हे नोंदवण्याचा सोस धरू नये. मला ते करून देण्याची विनंती दोनदा झाली आणि दोन्ही वेळा मी नकार दिला. जे काही नोंदवले जाते, त्याची साधी मराठीत लिहिलेली सूचना भिंतीवर लावावी.

शाखा दूर असतील तर

एक शाखा सेलूला, दुसरी वसमतला आणि सर्व्हर परभणीला असेल, तर नोंदी उघड्या इंटरनेटवरून पाठवू नयेत. वायरगार्ड या प्रोग्रॅमने दोन ठिकाणांमध्ये कुलूपबंद बोगदा करून त्यातून पाठवाव्यात. यासाठी किमान एका टोकाला सार्वजनिक आयपी पत्ता लागतो; अनेक फायबर जोडण्या सामाईक पत्त्यामागे असतात, तेव्हा परभणीच्या जोडणीसाठी तो आधी मागून घ्यावा आणि शाखांनी स्वतःहून बोगदा उघडावा, दर पंचवीस सेकंदांनी तो जागा ठेवावा. शाखेचे इंटरनेट गेले की तेवढ्या काळाच्या नोंदी मात्र यूडीपीमुळे हरवणारच. त्या शाखेत बिघाड फार होत असतील तर तिथेच एक जुना लॅपटॉप ठेवलेला बरा.

शांततेचा अर्थ

लॉग सर्व्हरचा सर्वांत वाईट बिघाड म्हणजे तो गुपचूप थांबणे. फाइल रिकामी आहे म्हणजे सर्व आलबेल आहे की नोंदीच येत नाहीत, हे फाइलीकडे पाहून समजत नाही. म्हणून मायक्रोटिकच्या ‘शेड्युलर’मध्ये दर दहा मिनिटांनी चालणारे काम लावावे: अपूर्णविराम, ‘लॉग इन्फो’ आणि अवतरणात ‘जिवंत’ या अर्थाचा एखादा रोमन लिपीतील शब्द. दिवसाला अशा १४४ ओळी येतात. सर्व्हरवर क्रॉनमधून दर अर्ध्या तासाने ‘फाइंड’ला वजा-एमएमआयएन हा पर्याय देऊन, गेल्या तीस मिनिटांत त्या फोल्डरातील कोणतीही फाइल बदलली आहे का, हे पाहावे आणि बदलली नसेल तर आपल्याला संदेश येईल अशी सोय करावी. या ओळींचा आणखी एक उपयोग असा की रात्री वीज किती वेळ नव्हती, हे कोणालाही न विचारता कळते.

मृगाचे वारे सुटण्याआधी, मे महिन्याच्या शेवटी, एकदा मुख्य बोर्डाचे बटण स्वतः बंद करावे आणि वीस मिनिटे थांबावे. यूपीएसवरील राउटर, स्विच आणि सर्व्हर चालूच राहिले पाहिजेत; फाइलीत ‘जिवंत’च्या दोन ओळी नियमित वेळेवर पडलेल्या दिसल्या पाहिजेत. त्यानंतर राउटरचीच पिन काढून, बाहेरची फायबर सोडवून ठेवून तो पुन्हा सुरू करावा. नव्या ओळींतील पहिल्या काही ओळींत दोन वेळा एकमेकींपासून दूर दिसतील. राउटरने सर्व्हरकडून वेळ घेतली की पुढल्या ओळीपासून दोन्ही जुळतील. जुळल्या नाहीत तर राउटरमधील एनटीपीचा पत्ता आणि सर्व्हरवरील १२३ ची वाट तपासावी, मगच फायबर परत जोडावी.